घोड्याचा खूर सांभाळायचा तर डॉक्टर आणि नालबंद एकत्र बोलवा

आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी, चिक्कोडी, अथणी, खानापूर पट्ट्यात अजून बरीच घोडी आहेत, शर्यतीची आहेत, वरातीची आहेत, धनगरांची ओझ्याची तट्टं आहेत. घोडं लंगडलं की मालक आधी नालबंदाला फोन लावतो, त्याच्यानं नाही झालं की मग डॉक्टरला, आणि हे दोघं एकमेकांना कधी भेटतच नाहीत. डॉक्टरला आतलं हाड, नस, औषध कळतं, नालबंदाला खूर कापायचा कुठं आणि थांबायचं कुठं ते कळतं, म्हणून दोघांनी एकाच वेळी एकाच खुराजवळ उभं राहायला पाहिजे आणि ते जमवून आणायचं काम मालकाचंच आहे.

आधी रोजचं बघू. सकाळी आणि काम झाल्यावर चारही पाय उचलून खूर साफ करायचे, टाचेकडून पुढं टोकाकडं, आणि तळव्याच्या मधे जी रबरासारखी तिकोनी पुतळी असते तिच्या दोन्ही बाजूच्या खाचा नीट उकरायच्या, खडा, खिळा, शेण सगळं तिथंच अडकतं. वास घ्या. काळं पाणी आणि घाण वास आला तर पुतळी सडायला लागलीय. खानापूरकडच्या पावसात आणि तबेल्यात मूत साचलं की हे हमखास होतं. जागा कोरडी करा, सुटलेलं सडकं नालबंदाकडून काढून घ्या, पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन लावा, आणि जळकं ऑइल ओतायची सवय सोडा कारण त्यानं आतली घाण आतच राहते. रक्त येत असेल किंवा घोडं पाय टेकत नसेल तर डॉक्टरच.

खूर महिन्याला साधारण 6 ते 10 मिमी वाढतो, म्हणजे पुढचा भाग वरून खालपर्यंत नवा यायला जवळपास वर्ष लागतं. नाल झिजली नाही म्हणून तीन-तीन महिने तशीच ठेवणारे आहेत, पण नाल नाही झिजली तरी खूर वाढतोच की, टोक लांब होतं आणि सगळा ताण मागच्या शिरांवर येतो. 6 ते 8 आठवड्यांनी नालबंद आलाच पाहिजे.

नाल मारल्यावर त्याच दिवशी किंवा दोन-तीन दिवसांत घोडं लंगडलं तर खिळा आतल्या जिवंत भागाला लागलाय किंवा दाबतोय असं समजा. भांडू नका, त्याच नालबंदाला बोलवा, कुठला खिळा कुठं गेला ते त्यालाच माहीत असतं. एकेक खिळा काढून बघायचा, ओला किंवा रक्ताचा निघाला तर त्या भोकावर मार्करनं खूण करायची, फोटो काढायचा, डॉक्टरला दाखवायचा. धनुर्वाताचं इंजेक्शन विसरू नका, घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, लस दरवर्षी द्यावी. रस्त्यावरचा खिळा पुतळीत घुसला असेल तर लगेच उपटायचा नाही, डॉक्टर येईपर्यंत पाय टेकू द्यायचा नाही, एक्स-रेमध्ये तो कुठपर्यंत गेलाय ते दिसतं. अजून आत जाईल अशी भीती असली तरच काढा, पण कुठून, किती खोल, किती तिरका होता ते टिपून ठेवा.

सगळ्यात जास्त भीती लॅमिनायटिसची, म्हणजे खुराची भिंत आतल्या हाडाला धरून ठेवणारा जिवंत थर सुजतो, आणि पकड सुटली की हाड जागचं फिरतं. आपला पट्टा उसाचा, कारखान्याचा, गुऱ्हाळाचा. घोड्यानं गूळ, हरभरा, धान्याचं पोतं फोडून खाल्लं की एक-दोन दिवसांत खूर तापतात, घोडं पुढचे पाय पुढं टाकून मागं रेलून उभं राहतं, वळायला नको म्हणतं. खुराच्या वरच्या सांध्यामागं दोन्ही बाजूला बोट लावा, एरवी नाडी जेमतेम लागते, आता धडधड लागेल. जास्त खाल्लंय हे कळलं की लंगडायची वाट न बघता डॉक्टरला फोन, नाहीतर जनावरांच्या दवाखान्याच्या सरकारी हेल्पलाइनला, 1962 ला लावा, आणि पाय बर्फाच्या पाण्यात ठेवा, सुरुवातीचे दोन-तीन दिवस सतत. नंतर धावपळ म्हणजे वरातीमागून घोडं. आणि डॉक्टर बघायच्या आधी दुखण्याचं औषध देऊ नका, लंगडणं झाकलं जातं आणि नेमकं कुठं दुखतंय ते सापडत नाही.

इथंच दोघं एकत्र लागतात. आतलं हाड फिरलंय का ते बाजूनं काढलेल्या एक्स-रेत दिसतं. नालबंदाला आधीच बोलवा, तो नाल काढून खूर साफ करेल, खुराच्या पुढच्या भिंतीवर सरळ तार चिकटवून एक्स-रे काढला की हाड आणि भिंत यांच्यातला फरक मोजता येतो, हाडाखाली तळवा किती जाड उरलाय तेही कळतं. मग टोक किती घ्यायचं, टाच किती, हे नालबंद त्या एक्स-रेवरून ठरवतो, अंदाजानं नाही. आपल्या तालुक्यात एक्स-रेची सोय नसली तर हायवेनं सातारा जिल्ह्यातल्या शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा, पण तीव्र दुखण्यात गाडीतून लांब नेण्याआधी डॉक्टरला विचारूनच.

आपल्याकडं डॉक्टर बरेचदा कन्नड बोलणारे, नालबंद चाचा दख्खनी, मालक मराठी, त्यामुळं तोंडी निरोपात अर्धं हरवतं. म्हणून खुरावरच मार्करनं रेघ मारून घ्या, तिघांचा व्हॉट्सअॅप ग्रुप करा, दर वेळी समोरून, बाजूनं, तळव्याचा असे फोटो सपाट जमिनीवर काढून टाका. दोघांचं पटलं नाही तर मालकानं बाजू घ्यायची नाही, घोडं चालवून दाखवायचं, त्यांना बघू द्यायचं. चाचांना डॉक्टरसमोर "तुम्हाला काय वाटतं" असं विचारा, चाळीस वर्षं खूर बघितलेल्या माणसाला कुणी विचारतच नाही. आणि नाल मारली नाही, नुसतं थांबून बघितलं तरी त्या दिवसाचे पैसे द्या. पुढची तारीख तिथंच दोघांकडून घेऊन टाका, लॅमिनायटिसचं घोडं असेल तर 4 ते 6 आठवड्यांच्या आतली.