टीईई प्रमाणपत्राची पात्रता: नोंदवही पहिल्या केसपासून ठेवा

टीईई म्हणजे अन्ननलिकेत प्रोब घालून केलेली हृदयाची सोनोग्राफी. अमेरिकेत नॅशनल बोर्ड ऑफ इकोकार्डिओग्राफीची अ‍ॅडव्हान्स्ड पीटीई (शस्त्रक्रियेच्या काळातील टीईई) परीक्षा पास झाली, म्हणजे प्रमाणपत्र मिळाले असे होत नाही. परीक्षा पास झालेला डॉक्टर ‘टेस्टामर’ ठरतो. ‘डिप्लोमेट’ व्हायचे, तर प्रशिक्षणाचा पुरावा वेगळा द्यावा लागतो, आणि बहुतेकांची अडचण तिथेच होते.

फेलोशिपच्या मार्गाने जाणाऱ्या भूलतज्ज्ञाला कार्डिओथोरॅसिक अ‍ॅनेस्थेशियाची (हृदय व छातीच्या शस्त्रक्रियांतील भूल) १२ महिन्यांची मान्यताप्राप्त फेलोशिप लागते. शस्त्रक्रियेदरम्यानच्या किमान ३०० संपूर्ण टीईई तपासण्यांचा अभ्यास देखरेखीखाली झालेला हवा. त्यांपैकी किमान १५० स्वतः करून, अर्थ लावून, रिपोर्ट लिहिलेल्या हव्यात. उरलेल्या १५० दुसऱ्याने केलेल्या असल्या तरी चालतात, पण वरिष्ठांसोबत बसून पाहिलेल्या असाव्यात.

हे दोन आकडे नोंदवहीत पहिल्या दिवसापासून वेगळ्या रकान्यांत लिहा. तारीख, शस्त्रक्रिया, मुख्य निष्कर्ष, तपासणी कोणी केली, रिपोर्ट कोणी लिहिला आणि देखरेख कोणाची होती, एवढे पुरे. रुग्णाचे नाव नको. प्रोब तुम्ही घातला आणि रिपोर्ट दुसऱ्याने लिहिला, तर ती १५० मध्ये धरू नका. बायपासआधीची (हृदय-फुफ्फुस यंत्र लावण्याआधीची) आणि नंतरची प्रतिमा एकाच रुग्णाची असेल, तर तिला एकच तपासणी समजा. फक्त एक झडप पाहून प्रोब काढला असेल, तर ती ‘संपूर्ण’ नव्हे. २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत संपूर्ण तपासणीसाठी २८ दृश्ये दिली आहेत.

फेलोशिप संपत आल्यावर आठवून भरलेली वही टिकत नाही, कारण अर्जासोबत लागणाऱ्या, फेलोशिपच्या कार्यक्रम संचालकांच्या पत्रातले आकडे तिच्याशी जुळावे लागतात. संचालक बदलण्याआधीच पत्र मागून घ्या. त्यात एकूण आणि स्वतः केलेल्या तपासण्या स्वतंत्रपणे लिहून घ्या.

परवान्याकडेही वेळीच बघा. प्रमाणपत्रासाठी वैद्यकीय परवाना निर्बंधमुक्त लागतो, केवळ प्रशिक्षणापुरता परवाना पुरत नाही. भारतातून फेलोशिपला गेलेल्यांना हे उशिरा कळले, तर अर्ज अडकतो.

जे मुख्यतः हृदयेतर शस्त्रक्रियांत टीईई वापरतात, त्यांच्यासाठी बेसिक पीटीई आहे: १५० तपासण्या, त्यांत ५० स्वतः केलेल्या. मात्र ती भूल देताना रुग्णावर लक्ष ठेवण्यापुरती आहे. झडप दुरुस्त करायची की बदलायची, असा सल्ला सर्जनला देण्यासाठी अ‍ॅडव्हान्स्डच हवी. अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षीची नियमपुस्तिका उघडून प्रत्येक आकडा ताडून पाहा.