परदेशात संसार मोडतोय आणि पदरात मूल आहे? या चुका टाळा

सांगलीच्या वालचंदमधून, कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडलेली कितीतरी मुलं आज अमेरिकेत, इंग्लंडमध्ये, सिंगापूरला आहेत. त्यांचे संसार तिकडे थाटले गेले, लेकरंही तिकडेच झाली. यातला एखादा संसार मोडायला येतो तेव्हा नवरा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असतो, बायको त्याच्याच आधाराने मिळालेल्या एच-फोरवर आणि मूल जन्माने अमेरिकन नागरिक. मग दोन्हीकडच्या घरात बैठका बसतात, मामा-काका सल्ले देतात, आणि घाईघाईत अशी पावलं उचलली जातात की नंतर आम्हा वकिलांनाही ती निस्तरता येत नाहीत. म्हणून ही प्रकरणं चालवताना जे वारंवार दिसतं ते लिहिते आहे.

“एकदा मूल भारतात आणलं की झालं”

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. आईला बरं नाही, दिवाळीला जाऊन येते, असं सांगून परतीच्या तिकिटासह मूल सांगलीला आणायचं आणि परत जायचंच नाही. यामागे एक अर्धवट ऐकीव माहिती असते. मुलांना परस्पर परदेशी नेण्याविरुद्धच्या 1980 च्या हेग करारावर भारताने सही केलेली नाही, हे खरं आहे. पण त्यामुळे इथलं कोर्ट मूल परत पाठवतच नाही, हा समज खोटा आहे.

2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इंग्लंडहून आईने आणलेल्या मुलीला परत पाठवायला नकार दिला. परदेशी कोर्टाचा हुकूम हा विचारात घ्यायचा एक मुद्दा आहे, मुलाचं हित त्याच्या वर, असं त्यात स्पष्ट म्हटलं. याच हिताच्या कसोटीवर 2022 मध्ये त्याच न्यायालयाने एका अमेरिकन नागरिक असलेल्या मुलाला अमेरिकेत वडिलांकडे परत न्यायचा आदेश दिला. त्यामुळे “अमक्याच्या मुलीला मिळालं, मग आम्हालाही मिळेल” हा हिशेब धरू नका. मूल कुठे वाढलं, कोणती भाषा बोलतं, शाळा कुठली, औषधोपचार कुठे चालू आहेत, इथे येऊन किती काळ लोटला, हे सगळं पाहिलं जातं.

अमेरिकेच्या बाजूने परिस्थिती आणखी कडक आहे. दुसऱ्या पालकाचा हक्क डावलण्यासाठी सोळा वर्षांखालचं मूल देशाबाहेर नेणं किंवा बाहेर ठेवून घेणं हा तिथे 1993 पासून केंद्रीय गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. घरातल्या मारहाणीतून सुटून आलेल्या व्यक्तीला त्याच कायद्यात बचाव आहे, पण तो सिद्ध करावा लागतो. पोलिसांना केलेला फोन, डॉक्टरांची चिठ्ठी, शेजारणीला पाठवलेला मेसेज, जे असेल ते निघण्याआधी जपून ठेवा. जिवाला धोका असेल तर आधी सुरक्षित व्हा. बाकी सगळं नंतर.

मूल सहमतीने भारतात येत असेल तर संमतीपत्र घ्या आणि ते नीट लिहून घ्या. “माझी हरकत नाही” एवढ्या एका ओळीने भागत नाही. मुलाचं नाव, पासपोर्ट क्रमांक, जाण्या-येण्याच्या तारखा, कोणाकडे राहणार तो पत्ता, आणि परत यायचं ठरलेलं आहे की इथेच शाळेत घालायचं आहे, हे लिहिलेलं हवं. पाहायला गेलं तर चार ओळींचा कागद, पण कोर्टात त्याच्यावर तासभर युक्तिवाद होतो.

दावा कुठे लावायचा, याचा विचार न करणं

घटस्फोट आणि ताबा हे दोन वेगळे प्रश्न आहेत, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात येते. हिंदू विवाह कायद्यात 2003 च्या दुरुस्तीनंतर पत्नी जिथे राहते तिथे ती घटस्फोटाचा अर्ज करू शकते. म्हणजे माहेरी साताऱ्यात राहणाऱ्या मुलीला साताऱ्यात दावा लावता येतो. मुलाच्या ताब्यासाठी मात्र 1890 च्या पालक व पाल्य कायद्यात मूल सर्वसाधारणपणे कुठे राहतं हे पाहिलं जातं. हैदराबादच्या एका प्रकरणात मुलं अमेरिकेहून आल्यावर थोड्याच दिवसांत तिथे ताब्याचा अर्ज लावला गेला. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो हैदराबादच्या कोर्टात चालू शकत नाही, असंच ठरवलं. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांचा नियमही असाच: मूल ज्या राज्यात मागचे सहा महिने राहिलं, ताब्याचा निर्णय तिथलं कोर्ट देतं.

मूल बेकायदा अडकवून ठेवलं आहे म्हणून हेबियस कॉर्पसचा, म्हणजे त्याला कोर्टापुढे हजर करा असा अर्ज करायचा तर तो उच्च न्यायालयात. सातारा-सांगलीकरांना त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच या दोन्ही जिल्ह्यांसाठी बसतं.

तिकडची नोटीस न उघडणं

“ते अमेरिकेचं कोर्ट, आपलं काय वाकडं करणार?” हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे. ईमेलवर आलेली पन्नास पानांची पीडीएफ तशीच पडून राहते, उत्तराची मुदत निघून जाते आणि एकतर्फी हुकूम होतो. 1991 च्या एका निकालाप्रमाणे, परदेशी कोर्टाने भारतातल्या विवाह कायद्यात नसलेल्या कारणावर, दुसऱ्या बाजूने त्या कोर्टाचा अधिकार मान्य केलेला नसताना घटस्फोट दिला, तर भारतात तो सहसा टिकत नाही. पण तिथल्या बँक खात्यावर, घरावर आणि मुलाच्या ताब्यावर तो हुकूम तिथे लागू होतोच. दुसरं टोक म्हणजे घाबरून सगळ्या मुद्द्यांवर उत्तर देऊन मोकळं होणं. त्याने तुम्ही त्या कोर्टाचा अधिकार कबूल केला असा अर्थ निघू शकतो. तिथल्या वकिलामार्फत, अधिकारक्षेत्राला हरकत नोंदवून हजर राहायचं, हा मधला मार्ग. आणि इथल्या व तिथल्या वकिलाचं एकमेकांशी बोलणं करून द्या. दोघं दोन दिशांना ओढत असतील तर मध्ये मूल भरडलं जातं.

स्टॅम्पपेपरवरची सोडचिठ्ठी

गावच्या बैठकीत पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून घेतलं, नोटरी केली, मिटलं. मिटत नाही. जातीची प्राचीन रूढी कोर्टात सिद्ध झाली तरच अशा फारकतीला अर्थ आहे. नाहीतर लग्न कायम, पुढचं लग्न बेकायदा आणि व्हिसाच्या फॉर्मवर “घटस्फोटित” लिहिलं ते खोटं ठरतं.

व्हिसाचा हिशेब शेवटी करणं

घटस्फोटाचा हुकूम झाला की एच-फोर संपतो. म्हणजे सहमतीचा घटस्फोट असला तरी तारीख ठरवताना बायकोने पुढे कोणत्या व्हिसावर राहायचं, मूल तिकडे असेल तर तिने त्याला भेटायचं कसं, हे आधी बघायला हवं. नवऱ्यांनी हे हत्यार म्हणून वापरलेलं मी पाहिलं आहे: सुट्टीला म्हणून बायको-मुलाला इकडे आणायचं, पासपोर्ट काढून घ्यायचे आणि एकट्याने परत जायचं. असं झालं तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या. मुलाचा पासपोर्ट अमेरिकन असेल तर त्यांच्या मुंबईच्या वकिलातीलाही कळवा.

मूल परदेशी नागरिक असून त्याच्याकडे भारतात व्हिसाशिवाय राहू देणारं ओसीआय कार्ड नसेल तर त्याच्या भारतीय व्हिसाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. शाळेत नाव घातलं, गणवेश शिवला आणि व्हिसा मात्र केव्हाच संपलेला, अशी लेकरं मी बघितली आहेत. मुदत वाढवण्याचा अर्ज ऑनलाइन करता येतो, तो मुदतीच्या आत करायचा. भारतीयाशी लग्न झाल्यामुळे परदेशी जोडीदाराला ओसीआय मिळालं असेल, तर घटस्फोटानंतर ते रद्द होऊ शकतं, हेही ध्यानात असू द्या.

कागद

तिकडून आणलेल्या जन्मदाखल्यावर, हुकूमनाम्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा तिथल्या सरकारचा दाखला, करून घ्या. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं असतं. याची आठवण बहुतेकांना तारखेच्या आदल्या दिवशी होते. मेसेज असलेला फोन विकू नका, फॉरमॅट करू नका.

भेटीची वेळ मोघम ठेवणं

“व्हिडिओ कॉलवर योग्य वेळी बोलू द्यावं” असं लिहिलं की भांडण पक्कं. वार लिहा, वेळ लिहा, आणि घड्याळ कोणत्या देशाचं तेही लिहा. साताऱ्यात रविवारी सकाळचे आठ म्हणजे कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात शनिवारी संध्याकाळचे साडेसात, पण हिवाळ्यात साडेसहा. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळं बदलतात आणि मग “बाप मुद्दाम उशिरा फोन करतो” असे अर्ज पडतात, तेव्हा ते पोर इकडे तासभर टॅब समोर धरून बसलेलं असतं.

पैशांअभावी वकील लावता येत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना आणि मुलांना तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जाताना लग्नाचा दाखला, सगळ्या पासपोर्टच्या झेरॉक्स आणि आलेल्या प्रत्येक नोटिशीची प्रिंट सोबत घ्या.