सर्व्हरचा सी ड्राइव्ह भरलाय? डिलीट दाबण्याआधी या चुका टाळा

विंडोज सर्व्हर २०१२ आर२ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला, तरी कित्येक ऑफिसांत तो अजून इमानेइतबारे राबतोय. नव्या सर्व्हरचं बजेट दरवर्षी पुढच्या वर्षावर जातं आणि इकडे ६० जीबीचा सी ड्राइव्ह लाल होतो. मग दिसेल ते उडवायची घाई सुटते.

पहिला बळी जातो विनएसएक्सएस फोल्डरचा, म्हणजे विंडोज आपले घटक आणि अपडेटच्या फाइल्स ठेवते त्या जागेचा. प्रॉपर्टीजमधला त्याचा आकडा बघून धडकी भरते, पण तो फुगलेला असतो. त्यातल्या बऱ्याच फाइल्स हार्ड लिंकने (एकाच फाइलला दुसऱ्या ठिकाणी दिलेलं आणखी एक नाव) सिस्टम३२ मध्येही दिसतात. डिस्कवर त्या एकदाच असतात, एक्सप्लोरर मात्र दोनदा मोजतो. खरा आकडा विंडोजच्या देखभालीसाठी असलेल्या डिसम (DISM) कमांडच्या अ‍ॅनालाइझ-कंपोनंट-स्टोअर पर्यायातून कळतो. सफाईची गरज आहे का, तेही तिथंच लिहून येतं. असेल तर स्टार्ट-कंपोनंट-क्लीनअप चालवा. हाताने एकही फाइल काढू नका. रीसेट-बेस जोडलं तर आणखी थोडी जागा सुटते, पण मग आधीचे अपडेट अनइन्स्टॉल करता येत नाहीत.

विंडोजमधला लपवलेला इन्स्टॉलर फोल्डर याहून फसवा. त्यातल्या एमएसआय (इन्स्टॉलेशनच्या) आणि एमएसपी (पॅचच्या) फाइल्स उडवल्या तरी त्या दिवशी काहीच बिघडत नाही. महिन्यांनी कधीतरी एसक्यूएल सर्व्हरला पॅच मारायला जावं, तर सेटअप नेमकी तीच फाइल मागतो.

जागा केली आणि दोन दिवसांत पुन्हा भरली, असं होत असेल तर विंडोजच्या लॉग्ज फोल्डरमधला सीबीएस (अपडेट बसवतानाच्या नोंदींचा फोल्डर) बघा. तिथला लॉग मोठा झाला की विंडोज तो कॅब फाइलमध्ये दाबून ठेवते. लॉग २ जीबीच्या वर गेला की हे जमत नाही. प्रयत्न फसतो, अर्धवट कॅब फाइल विंडोजच्या टेम्प फोल्डरमध्ये पडून राहते, थोड्या वेळाने पुन्हा तेच. नुसतं टेम्प झाडून उपयोग नाही. विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर सर्व्हिस थांबवा, सीबीएसमधला तो अवाढव्य जुना लॉग काढा, मगच टेम्पमधल्या कॅब फाइल्स.

आयआयएस (विंडोजचा वेब सर्व्हर) असेल तर इनेटपब खालचे लॉगही बघा. आयआयएस जुने लॉग स्वतःहून कधीच काढत नाही. ते डी ड्राइव्हवर वळवा आणि जुने उडवायला शेड्यूल्ड टास्क लावा.

सोडून गेलेल्या लोकांची प्रोफाइलं यूझर्स फोल्डरमधून थेट डिलीट करू नका. रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंग्जच्या डेटाबेसमधली) नोंद तशीच राहते आणि तोच यूझर परत लॉगिन झाला की त्याला टेंपररी प्रोफाइल मिळतं. सिस्टम प्रॉपर्टीजमधल्या यूझर प्रोफाइल्सच्या यादीतून काढा.

एवढं करूनही दोन-चारच जीबी हाती लागले, तर पार्टिशनच तोकडं आहे. व्हर्च्युअल मशीन असेल तर डिस्क वाढवून सी एक्स्टेंड करा. मात्र मोकळी जागा सी च्या लगेच उजवीकडे असायला हवी, आणि व्हीएमवेअरमध्ये स्नॅपशॉट (मशीनची एका क्षणी जपून ठेवलेली स्थिती) शिल्लक असेल तर डिस्क वाढवताच येत नाही. आधी तो काढा.