सुपर टॉप-अप आहे, तरी खिशातून पैसे का गेले? क्लेमच्या या चुका टाळा

मामांच्या बायपासचं अंतिम बिल हातात आलं तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. रक्कम ७ लाख ४० हजार. मामांकडे पाच लाखांचा मेडिक्लेम होता आणि त्यावरचा खर्च देणारी सुपर टॉप-अप नावाची दुसरी पॉलिसीही, म्हणून मामेभाऊ निर्धास्त होता. "पाच लाख मेडिक्लेमचे, वरचे दोन चाळीस सुपर टॉप-अपचे. आपल्याला फक्त पार्किंगचे पैसे." बिलिंग काउंटरवरच्या मुलीने मान वर न करताच विचारलं, "टॉप-अपवाल्या कंपनीला कळवलंय का?"

कळवलं नव्हतं. वरचे पैसे त्या रात्री क्रेडिट कार्डावर गेले आणि पुढचे चार महिने ती फाईल माझ्याकडे होती. शेवटी २ लाख ४० हजारांपैकी परत आले ९८ हजार. कंपनीने फसवलं असं सगळ्यांचं मत होतं. मी पॉलिसी दोनदा वाचली. फसवलं नव्हतं, आमचा हिशेबच चुकीचा होता.

बिलातून डिडक्टिबल वजा करणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. सुपर टॉप-अपवर "डिडक्टिबल ५ लाख" लिहिलेलं असतं, म्हणजे पहिले पाच लाख कंपनी देणार नाही, त्यावरचंच देणार, आणि आपण हॉस्पिटलच्या बिलातून सरळ पाच लाख उणे करून मोकळे होतो. पण बहुतेक पॉलिसींत डिडक्टिबल मोजतात ते त्या पॉलिसीच्या नियमांत बसणाऱ्या खर्चावरून. हॉस्पिटलने कितीही बिल लावलं तरी त्यातलं किती ग्राह्य धरायचं हे आधी ठरतं, मग त्यातून पाच लाख जातात आणि उरलेलं तुम्हाला मिळतं.

मामांचं बिल उलगडून बघा (आकडे थोडे गोळाबेरीज केलेत). आठ दिवस साधी रूम, दिवसाला ८ हजार, म्हणजे ६४ हजार. सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर वगैरे २ लाख ४० हजार. आयसीयू, औषधं, तपासण्या आणि शरीरात बसवलेलं साहित्य मिळून ४ लाख ८ हजार. राहिलेले २८ हजार म्हणजे नोंदणी फी, हातमोजे, सोबतच्या माणसाचं जेवण आणि असंच किरकोळ.

शेवटचे २८ हजार तर गेलेच. विमा नियामकाची, म्हणजे आयआरडीएआयची, अशा न मिळणाऱ्या वस्तूंची ६८ नगांची यादीच आहे. कन्झ्युमेबल्सचं, म्हणजे हातमोज्यांसारख्या वापरून टाकायच्या वस्तूंचं, वेगळं कव्हर घेतलेलं नसेल तर त्यावर वाद घालू नका, वेळ जातो. आता खरी मेख. मामांची सुपर टॉप-अप जुनी होती आणि तिच्यात रूमभाड्याची मर्यादा दिवसाला ५ हजार होती. आम्ही समजत होतो, जास्तीत जास्त दिवसाचे तीन हजार आपल्या अंगावर येतील. पण मर्यादेपेक्षा महागडी रूम घेतली की डॉक्टरांची फी, थिएटरचा चार्ज असे रूमच्या दर्जानुसार बदलणारे खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात. आठातले पाच मंजूर. ६४ हजारांचे ४० झाले आणि २ लाख ४० हजारांचे दीड लाख. ग्राह्य खर्च उरला ५ लाख ९८ हजार. त्यातून पाच लाख वजा. हातात ९८ हजार.

तीच पॉलिसी रूमभाड्याच्या मर्यादेशिवायची असती, तर ७ लाख १२ हजारांतून पाच लाख वजा होऊन २ लाख १२ हजार आले असते. रूमच्या एका ओळीने १ लाख १४ हजार खाल्ले.

एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. ही प्रमाणशीर कपात आयसीयूच्या चार्जवर, औषधांवर, शरीरात बसवलेल्या साहित्यावर आणि तपासण्यांवर लावता येत नाही. २०२० साली नियामकाने तसं स्पष्ट केलं आहे. शिवाय जे हॉस्पिटल रूमनुसार दर बदलतच नाही, तिथेही ती लागू नाही. सेटलमेंट लेटरमध्ये एमआरआय किंवा स्टेंटवर "प्रपोर्शनेट" असा शेरा दिसला तर तिथेच अडवा. हा शेरा चुकून पडतो, आणि माणसं तो वाचत नाहीत.

"मेडिक्लेमने जे दिलं नाही ते टॉप-अप देईल"

नाही देणार. म्हणजे देईलही, पण तुम्हाला वाटतंय तसं नाही.

शेजारच्या काकूंचं बिल सहा लाखांचं. मेडिक्लेमने न मिळणारे २० हजार आणि रूमच्या कपातीचे १ लाख २० हजार वगळून ४ लाख ६० हजार दिले. काका म्हणाले, "राहिले एक चाळीस. टॉप-अपला लावतो." त्यांच्या सुपर टॉप-अपला रूमची मर्यादा नव्हती, म्हणून ग्राह्य खर्च धरला ५ लाख ८० हजार. पाच लाख वजा केल्यावर हातात ८० हजार. मधले ४० हजार कोणाचेच नाहीत. मेडिक्लेमने ते नाकारले आणि ते पाच लाखांच्या आत असल्याने टॉप-अपच्या हद्दीत आले नाहीत.

पहिल्या कंपनीने किती दिले याच्याशी दुसरीला देणंघेणं नसतं. तुम्ही पाच लाख पॉलिसीतून भरा, बँकेतून भरा की मेहुण्याकडून उसने घ्या, ती पाच लाखांच्या वरचंच मोजते. याची दुसरी बाजू फायद्याची आहे: मेडिक्लेमकडे क्लेम न करता खिशातून भरलेला खर्चही सुपर टॉप-अपच्या पाच लाखांत धरला जातो, तो नियमांत बसत असेल आणि कागद असतील तर. म्हणून डेंग्यूच्या तीन दिवसांच्या ॲडमिशनची फाईल रद्दीत घालू नका. वर्ष संपेपर्यंत ठेवा.

टॉप-अप आणि सुपर टॉप-अप एकच समजणं

नावात एकच शब्द कमी-जास्त, त्यामुळे एजंटही बोलताना गाळतात. समजा, एप्रिलमध्ये ४ लाखांचं ॲडमिशन झालं आणि नोव्हेंबरमध्ये ३ लाखांचं. पाच लाखांचा मेडिक्लेम पहिल्यांदा चार देतो, दुसऱ्यांदा उरलेला एक. राहिले दोन लाख. साधी टॉप-अप प्रत्येक ॲडमिशनला वेगवेगळे पाच लाख ओलांडले का ते बघते. एकदाही ओलांडले नाहीत, म्हणून शून्य. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज करते: सात लाखांतून पाच गेले, दोन मिळाले. पॉलिसीच्या कागदावर "ॲग्रीगेट डिडक्टिबल" असे शब्द शोधा. ते नसतील तर तुमच्याकडे साधी टॉप-अप आहे.

पण सुपर टॉप-अपची बेरीजही तिच्या स्वतःच्या वर्षाची असते, आणि इथे आणखी एक खड्डा आहे. मेडिक्लेम १ एप्रिलला रिन्यू होतो, सुपर टॉप-अप घेतली १ ऑक्टोबरला. ऑगस्टमध्ये साडेतीन लाख खर्च झाला, नोव्हेंबरमध्ये चार. मेडिक्लेमच्या हिशेबात दोन्ही एकाच वर्षातले, त्यामुळे तो पाच लाखांवर संपला. सुपर टॉप-अपच्या हिशेबात ऑगस्ट जुन्या वर्षात आणि नोव्हेंबर नव्या वर्षात. दोन्हींत पाच लाखांची रेघ ओलांडली गेली नाही. अडीच लाख खिशातून. दोन्ही पॉलिसींची सुरुवातीची तारीख एकच ठेवली तर हा प्रश्नच येत नाही. घेतानाच बघायची गोष्ट आहे ही, नंतर फारसं काही करता येत नाही.

सगळी मूळ कागदपत्रं पहिल्या कंपनीला देऊन टाकणं

आम्ही हेच केलं. कॅशलेस होतं, त्यामुळे हॉस्पिटलने फाईल परस्पर टीपीएकडे (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेकडे) पाठवली. आमच्या हातात उरलं एक डिस्चार्ज कार्ड आणि एक पानी बिल. दुसऱ्या कंपनीने मागितलं ते असं: दोन्ही भागांतला क्लेम फॉर्म (पहिला भाग पेशंटचा, दुसरा हॉस्पिटलने भरून शिक्का मारायचा), बाबवार बिल, पैसे भरल्याच्या पावत्या, सगळे रिपोर्ट, औषधांच्या बिलांसोबत त्या-त्या दिवशीची चिठ्ठी, रद्द केलेला चेक, आणि पहिल्या कंपनीचं सेटलमेंट लेटर. त्या लेटरवर नुसती रक्कम चालत नाही, कशात किती कापलं तो तक्ता लागतो. तो मिळवायला आम्हाला तीन आठवडे आणि बरेच ईमेल लागले.

तेव्हा डिस्चार्जच्या दिवशीच, बिल भरायच्या आधी, संपूर्ण फाईलच्या साक्षांकित प्रती मागून घ्या. प्रत्येक पानावर हॉस्पिटलचा शिक्का. "उद्या या" म्हणाले तरी त्या दिवशीच. महिन्याभराने गेलात की फाईल रेकॉर्ड रूममध्ये गेलेली असते आणि तिथला माणूस कायम जेवायला गेलेला असतो. स्टेंट, लेन्स किंवा गुडघ्याचा सांधा बसवला असेल तर त्याचं स्टिकर आणि खरेदीचं बिलही मागा.

डिस्चार्ज कार्ड सही करण्याआधी वाचा. हा सल्ला मी हल्ली लग्नातही देतो. मामांच्या कार्डावर "रक्तदाब – १० वर्षे" असं होतं. प्रत्यक्षात गोळी सुरू होऊन एक वर्ष झालं होतं. निवासी डॉक्टरने घाईत लिहिलेला एक शून्य. पॉलिसी घेताना रक्तदाब लिहिलेला नव्हता, कारण तेव्हा तो नव्हताच. त्या शून्यामुळे कंपनीने "आधीचा आजार लपवला" असं पत्र पाठवलं. फॅमिली डॉक्टरची जुनी चिठ्ठी सापडली, हॉस्पिटलने दुरुस्तीपत्र दिलं, म्हणून निभावलं. काउंटरवर पाच मिनिटं थांबून बदलून घेतलं असतं तर दोन महिने वाचले असते.

डिस्चार्जनंतरचा खर्च, म्हणजे फेरतपासणी, औषधं, सांगितली असेल तर फिजिओथेरपी, हे बहुतेक पॉलिसींत ६० किंवा ९० दिवसांपर्यंत मिळतं आणि ॲडमिट होण्याआधीच्या ३० किंवा ६० दिवसांचंही. त्या बिलांचा एक वेगळा लिफाफा ठेवा.

दुसऱ्या कंपनीला उशिरा कळवणं

मेडिक्लेम संपल्यावर सांगू, असा विचार आपण करतो. डॉक्टरांनी अंदाजपत्रक दिलं आणि आकडा डिडक्टिबलच्या आसपास दिसला की लगेच दोघांनाही कळवा. किती तासांत कळवायचं ते प्रत्येक पॉलिसीत लिहिलेलं असतं. फोनवर मिळालेला नोंदणी क्रमांक फाईलच्या पहिल्या पानावर लिहा. आयआरडीएआयच्या २०२४च्या परिपत्रकानुसार ज्या कंपनीकडे तुम्ही आधी क्लेम करता तिनेच उरलेल्या रकमेसाठी दुसऱ्या कंपनीशी समन्वय साधायचा आहे. हे परिपत्रक टीपीएला आठवण करून द्यायला उपयोगी पडतं. तरी फोन तुम्हीच करा.

ऑपरेशन ठरल्यावर टॉप-अप घेणं

दुसऱ्या पॉलिसीचा प्रतीक्षा काळ तिचा स्वतःचा असतो. पहिले ३० दिवस अपघात सोडून काही नाही. मोतीबिंदू, हर्निया, गुडघेबदल यांसारख्या ठरावीक गोष्टींना बहुतेक ठिकाणी दोन वर्षं. आधीपासूनच्या आजाराला जास्तीत जास्त तीन वर्षं (पूर्वी चार होती). नोकरीच्या ठिकाणी मिळणाऱ्या ग्रुप मेडिक्लेममध्ये आईवडिलांचा मधुमेह पहिल्या दिवसापासून चालतो, म्हणून आपल्याला वाटतं वरची पॉलिसीही तशीच चालेल.

आणि नोकरी सुटली की ग्रुप मेडिक्लेम जातो, डिडक्टिबल तिथेच राहतं. आता पहिले पाच लाख तुमचे. नोटीस पीरियडमध्ये असतानाच एचआरला विचारा, त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का. काही सुपर टॉप-अपमध्ये ठरावीक वर्षांनी डिडक्टिबल काढून टाकायची सोय असते, तीही बघून ठेवा.

"क्लेम नाकारला" म्हटलं की गप्प बसणं

नकार लेखी मागा, पॉलिसीतल्या नेमक्या कलमासह. कंपनीच्या क्लेम पुनरावलोकन समितीच्या मंजुरीशिवाय नकार देता येत नाही, म्हणून पत्रात तेही विचारा. सलग ६० महिने पॉलिसी चालू असेल तर "माहिती लपवली" हे कारण फक्त फसवणूक सिद्ध केली तरच चालतं. कंपनीच्या तक्रार विभागाकडे लिहा, आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर नोंदवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. मुंबई आणि पुणे, दोन्ही ठिकाणी कार्यालयं आहेत. ५० लाखांपर्यंतची प्रकरणं तिथे चालतात, फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत जायचं.

मामांच्या ९८ हजारांविरुद्ध आम्ही लोकपालाकडे गेलो नाही. रूमची मर्यादा पान ११ वर, खालून तिसऱ्या ओळीत, स्पष्ट लिहिलेली होती. पुढच्या रिन्यूअलला मामेभावाने रूमची मर्यादा नसलेल्या पॉलिसीत पोर्ट करून घेतलं, आणि तारीख मेडिक्लेमला जुळवायला सांगितली.