पावसाळ्यानंतर लिफ्टची तपासणी कशी करावी

गोव्यात लिफ्टची तपासणी शक्यतो लिफ्टच्या मार्गाच्या तळाशी असलेल्या खड्ड्यापासून सुरू करावी, कारण पणजी किंवा वास्कोसारख्या पाण्याकाठच्या शहरांत पावसाळ्यात तिथे पाणी झिरपते आणि खारी हवा बफर (खड्ड्यातले धक्का शोषणारे भाग) व विजेच्या जोडण्यांना गंज चढवते. दार किल्लीने उघडल्यावर आधी खड्ड्यातला स्टॉप स्विच दाबावा, लिफ्ट हलत नाही याची खात्री करावी आणि मगच खाली उतरावे. सोसायटीचे सचिव कितीही घाईत असले तरी हा क्रम मोडू नये.

पोलादी दोर तपासताना मुख्य वीजपुरवठा बंद ठेवावा. तुटलेल्या तारा दिसतातच, पण पेडांच्या खाचांत तांबूस भुकटी साचली असेल तर दोर आतून झिजत व गंजत आहे असे समजावे. वरून ग्रीस फासून चकचकीत केलेल्या दोरावर माझा तरी विश्वास बसत नाही. वेग मर्यादेबाहेर गेल्यास गव्हर्नरने (वेगावर लक्ष ठेवणाऱ्या यंत्राने) सेफ्टी गियर, म्हणजे लिफ्टचा आपत्कालीन ब्रेक, ओढून लिफ्ट रुळांवर जखडली पाहिजे. ही चाचणी रिकाम्या लिफ्टवर, देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञाकडून आपल्यासमोर करून घ्यावी. एखाद्या मजल्याचे दार उघडे असूनही लिफ्ट चालली, तर ती तिथल्या तिथे बंद करावी.

सरकत्या जिन्यात पायरी आणि बाजूची पट्टी यांमधली फट मोजावी. कोणत्याही एका बाजूला ती ४ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. पायऱ्या जिथे जमिनीखाली जातात तिथल्या कंगव्यासारख्या पट्टीचे दाते तुटलेले असल्यास अहवालात त्यांची नेमकी जागा लिहावी.