सायलेंट ऑक्शन: बोली लावणाऱ्यांनी आणि आयोजकांनी काय बघायचं

नेहमीच्या लिलावात समोर कोणीतरी उभं राहून एक वार, दोन वार, तीन वार करत असतं. सायलेंट ऑक्शनमध्ये तो माणूसच नाही, त्याचं काम वस्तूशेजारी ठेवलेला एक कागद करतो, म्हणजे भाव कुठवर आलाय, पुढची बोली कमीत कमी किती हवी, सध्या कोण पुढे आहे, सगळं तोच सांगतो. म्हणून निधी गोळा करणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं, हॉलच्या सजावटीआधी हा कागद नीट करा.

कागदावर वर वस्तूचा नंबर, दोन ओळींत माहिती, देणाऱ्याचं नाव, साधारण बाजारभाव, सुरुवातीची बोली आणि किमान वाढ लिहायची. खाली दोनच रकाने, बोली लावणाऱ्याचा नंबर आणि रक्कम. नाव नकोच, दारात प्रत्येकाला नंबर देऊन टाका, कारण वरच्या ओळीत ओळखीच्याचं नाव दिसलं की लोक संकोचाने पेन खाली ठेवतात. सुरुवात साधारण बाजारभावाच्या ३० ते ५० टक्क्यांवर ठेवतात आणि वाढ १० टक्क्यांच्या आसपास. समजा वस्तू १००० ची आहे, तर ४०० पासून सुरू करा, मग ५००, ६०० असं चढू द्या. टप्पा फार लहान ठेवला तर पान भरतं पण रक्कम हलत नाही, फार मोठा ठेवला तर दोन बोल्यांत सगळे गप्प.

कागदावर १७, ४२, १७, ४२ असे तेच दोन नंबर एकाखाली एक दिसायला लागले ना, की समजायचं इथे पैसा उभा राहतोय! वस्तू कितीची आहे यापेक्षा ती मनापासून हवी असणारे निदान दोघं तिथे आहेत का हे जास्त महत्त्वाचं. त्यामुळे मिळेल ते टेबलावर मांडू नका. दोन माणसांमागे एक वस्तू, याच्या वर जाऊच नका, नाहीतर सगळ्यांना सगळं स्वस्तात मिळतं आणि ज्या कामासाठी हे मांडलं त्याच्या हाती काही लागत नाही. आणि दुकानात मिळणाऱ्या वस्तूचा भाव लोक तिथल्या तिथे फोनवर बघतात, तिथेच थांबतात. एखादा कलाकार तुमच्या घरी येऊन दोन तास शिकवणार, असलं काही दुकानात मिळत नाही, त्याला बोली बाजारभावाच्या पुढेही जाते.

आता बोली लावणाऱ्यांसाठी. आधी एक फेरी मारून सगळं बघा, व्हाउचर असेल तर मुदत कधीपर्यंत, कोणत्या तारखा चालत नाहीत, दुसऱ्याला देता येतं का, हे वाचाच. किती द्यायचे तो आकडा आधीच ठरवून फोनमध्ये लिहून ठेवा, शेवटच्या पाच मिनिटांत डोकं ठिकाणावर राहत नाही. लिहिलेली बोली म्हणजे दिलेला शब्द, जिंकलात तर घ्यावंच लागतं. कागद अडवून उभं राहणं, पेन घेऊन जाणं, हे कृपा करून करू नका, पैसा चांगल्या कामाला जाणार असतो. ॲपवर ऑक्शन असेल तर बऱ्याच ॲपमध्ये तुमची कमाल रक्कम टाकता येते, समोरच्याला मागे टाकायला लागेल तेवढंच ते वाढवत जातं, मग सारखं फोनकडे बघत बसावं लागत नाही.

आयोजकांचं खरं काम बंद करताना असतं. मी एका कार्यक्रमात मदतीला होते, तिथे सगळी टेबलं एकदम बंद केली आणि पैसे भरायला एवढी रांग लागली की काही जिंकलेले लोक तसेच निघून गेले, नंतर त्यांना फोन करत बसावं लागलं. त्यापेक्षा टेबलं १०-१५ मिनिटांच्या अंतराने बंद करा, आधी दहा मिनिटं आणि मग पाच मिनिटं राहिली असं ओरडून सांगा, वेळ झाली की प्रत्येक टेबलावरच्या माणसाने शेवटच्या बोलीखाली रेघ मारायची, नंबरला गोल करायचा आणि कागद उचलायचा. रेघेनंतर कोणी कितीही म्हटलं तरी बोली घ्यायची नाही.

आणि वस्तू देणाऱ्यांना आठवड्याच्या आत कळवा, त्यांच्या वस्तूला किती बोली आली आणि तो पैसा कुठे जातोय. कमी आली असली तरी कळवा, पुढच्या वेळी त्यांच्याच दारात जायचंय.