आजोबांसारखा जबडा पोरात दिसतोय? मग काय करायचं

तोंड मिटल्यावर पोराचे खालचे दात वरच्यांच्या पुढे येतायत आणि घरात सगळे म्हणतायत आजोबांवर गेलाय, मोठा झाला की होईल नीट. तर नाही होत, उलट वयात येताना खालचा जबडा अजून वाढतो.

हे आनुवंशिक असतं हे खरंच. स्पेनचा राजा दुसरा कार्लोस (१६६१–१७००), त्याचे आईवडील सख्खे मामा-भाची, त्याच्या हॅब्सबर्ग या युरोपातल्या राजघराण्यात पिढ्यान्पिढ्या हाच पुढे आलेला जबडा, चित्रं बघा एकदा. पण रक्तातलं आहे म्हणजे काहीच करता येत नाही असं अजिबात नाही, फक्त वेळ गाठावी लागते.

आधी घरी एक बघा. पोराला जीभ टाळूला मागे लावून हळूच दात मिटायला सांगा. पुढचे दात एकमेकांवर टेकले आणि मग जबडा पुढे सरकला तर दोष बराचसा चावण्याच्या सवयीचा असू शकतो, आणि तो लवकर सुधारतो. नाहीच टेकले तर हाडाचाच असण्याची शक्यता जास्त, पण नक्की काय ते डॉक्टरच सांगणार.

सातव्या वर्षापर्यंत ऑर्थोडॉन्टिस्टला, म्हणजे वाकडे दात-जबडे नीट करणाऱ्या डॉक्टरांना दाखवा, सगळे दुधाचे दात पडायची वाट बघू नका. जाताना आईबाबांचे, आजी-आजोबांचे बाजूने काढलेले फोटो न्या, घरात कुणाचं जबड्याचं ऑपरेशन झालं असेल तर तेही सांगा, कारण पुढे वाढ कुठे जाणार याचा अंदाज यायला त्याची मदत होते.

बऱ्याच पोरांत खरी अडचण वरचा जबडा मागे राहिल्याची असते. तो पुढे ओढायला फेसमास्क देतात, कपाळ-हनुवटीवर टेकणारा, रबरबँडवाला, कधी सोबत टाळूत वरचा जबडा रुंद करणारा स्क्रूचा एक्सपांडर, ज्याची किल्ली घरी आपणच फिरवायची. आठ-नऊ वर्षांपर्यंत हाड चांगलं ऐकतं, दहानंतर अवघड होत जातं. मास्क रोज १२-१४ तास, म्हणजे संध्याकाळपासून सकाळपर्यंत, शाळेत नेला नाही तरी चालतं. पण रोज लागतोच, रविवारी सुट्टी नाही.

खालचा जबडा वाढायचा थांबवेल असं खात्रीचं उपकरण मात्र नाहीये, त्यामुळे मास्कने छान झालेलं वयात येताना थोडं परत बिघडू शकतं, मुलग्यांमध्ये तर वाढ अठरा-विशीपर्यंत चालते. म्हणून उपचार संपले तरी सहा महिन्यांनी दाखवत राहा, आणि शेवटी ऑपरेशन लागलंच तर ते वाढ पूर्ण थांबल्यावरच करतात, कॉलेजच्या आधी उरकून टाका असा आग्रह डॉक्टरांकडे धरू नका.